पूरमुक्त शेजाऱ्यास

श्री. बिल्डरसाहेब यांस,
सांगलीहून आपल्या कंपाउंडलगतच्या शेजाऱ्याचा सा. न. वि. वि.

भूमिपूजनाला आपण साताऱ्याचे कंदी पेढे पाठवलेत, ते पोचले. चांगले होते. त्यानंतर आपल्याकडून सिमेंटची धूळ आली, स्लॅबच्या रात्री दोनपर्यंत मिक्सरची घरघर आली, स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा आला. त्यांची पोच द्यायची राहिली होती, ती या पत्राने देतो.

खरं तर चूक माझीच. आपला सुपरवायझर एकदा पाणी प्यायला आला आणि म्हणाला, "काका, एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं हो?" सांगलीकराला हे विचारलं की त्याला आवरणं कठीण. मी त्याला व्हरांड्यातला खांब दाखवला. ऑगस्ट 2019. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं आणि आमच्या व्हरांड्यात गुडघाभर होतं. ते ओसरल्यावर मीच खिळ्याने रेघ ओढून तारीख कोरली होती. पोरगा लेव्हलची नळी घेऊन आला. एक टोक माझ्या रेघेला धरलं, दुसरं कंपाउंडवरून पलीकडे दिलं, नळीतलं पाणी स्थिरावू दिलं आणि तिकडच्या कडुनिंबावर खडूने खूण केली. किती अभ्यासू पोरगा, असं वाटून मी त्याला चहाही पाजला.

आठवड्याने मुरमाचे डंपर सुरू झाले. भराव खुणेपर्यंत आला, मग वर आणखी फूटभर. खुणेचं काम संपल्यावर कडुनिंबही गेला. नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते म्हणतात. आपण माझ्या खांबावरची रेघ प्रमाण मानलीत, हा मी सन्मानच समजतो.

माहितीपत्रकावर आपण 'पूरमुक्त प्रकल्प' असं छापलंत. अक्षरशः खरं आहे. पूर मुक्त झाला आणि माझ्याकडे आला.

तो रिकामा प्लॉट काही नंदनवन नव्हता. काँग्रेस गवत, डबकं, बेडूक आणि गल्लीतले निम्मे डास तिथलेच. पण गल्लीचं पावसाचं पाणी तो पोटात घ्यायचा आणि दिवाळीपर्यंत जिरवायचा. आता ते पाणी जाणार कुठं?

आजवर आमचं पाणी साताऱ्याकडून यायचं आणि रीतीने यायचं. कोयनेतून विसर्ग किती, आयर्विनला किती फूट, सगळं आधी कळायचं. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. तोवर गाद्या माळ्यावर, सिलिंडर टेबलावर, आई मिरजेला. आपलं पाणी मात्र न सांगता येतं. परवाच्या वळवात नदी तळाला होती, पुलावर बघायलाही कुणी गेलं नव्हतं, आणि माझ्या मोरीतून पाणी उलटं वर येत होतं.

तक्रार घेऊन एके ठिकाणी गेलो. अर्जावर शिक्का बसला. पुढे काय, विचारलं तर "साहेब साइटवर गेलेत." बहुधा आपल्याच. 2017 पासून महारेरामुळे फ्लॅट घेणाऱ्याला वाली मिळाला. शेजाऱ्यानं काही विकतच घेतलेलं नसतं, त्यामुळे तो कुणाचाच ग्राहक नाही.

शेवटी साताऱ्याला मेहुण्याला फोन लावला. अजिंक्यताऱ्याच्या उताराला त्याचं घर. म्हटलं, महिनाभर येऊन राहतो. तो म्हणाला, "दाजी, तुमच्या शेजारी भर तरी घालतात. इथं शेजारच्यानं आमच्या भिंतीखालचा डोंगर काढून नेलाय." म्हणजे सातारचा बिल्डर खणतो, सांगलीचा भरतो, आणि खचायचं काम दोन्हीकडे शेजाऱ्याचं.

असो. मागणी एकच आहे. आपल्या हद्दीतून, कंपाउंडच्या कडेने, गटारापर्यंत एक चर काढून द्या, आणि तो मृगाच्या आत. सुपरवायझरला मात्र पुन्हा नळी घेऊन पाठवू नका. खांबावर आता दुसरी रेघ आहे, परवाच्या वळवाची. जुनीपेक्षा वीतभरच खाली.

आपला,
खालच्या अंगाचा शेजारी