डिलीट झालेल्या फायली परत मिळवणे : मुखेड तालुक्यापुरते परिपत्रक

विषय : अँड्रॉइड मोबाइलमधून गहाळ झालेले फोटो, कागदपत्रे व इतर ऐवज शोधून काढण्याबाबत.

संदर्भ : १) मामांचा पहाटे साडेपाचचा फोन. २) पहिला फोन उचलला नाही म्हणून आईला केलेला फोन.

उपरोक्त विषयान्वये सर्व भाचे, पुतणे, धाकटे जावई आणि 'तुला कॉम्प्युटरचं कळतंय ना' एवढ्याच कारणावरून नातेवाइकांच्या सेवेत वर्ग झालेल्या सर्व तरुणांस कळवण्यात येते की, खालील सूचना तात्काळ लागू होत आहेत. कार्यक्षेत्र मुखेड शहर, मुक्रमाबाद, बाऱ्हाळी, जांब आणि जिथे जिथे एखादे सेवानिवृत्त मुख्याध्यापक चष्मा कपाळावर चढवून मोबाइल साफ करत बसलेले असतील ते प्रत्येक गाव.

कलम १ : गुन्हा कोणी केला हे विचारू नये.

फाइल कोणीही डिलीट करत नसतो. ती आपोआप जाते. "मी कशालाच हात लावला नाही. सकाळी उठून बघायलोय तर फोटोच नाही," हा जबाब जसाच्या तसा नोंदवून घ्यावा, उलटतपासणी करू नये. ज्यांनी तीस वर्षं पोरांची उलटतपासणी घेतली त्यांची आपण काय घेणार? विचारायचं ते एवढंच, की काय गेलं, कधी गेलं, आणि गेल्यानंतर फोनवर काय केलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर श्वास रोखून ऐकावं. मामांचं उत्तर होतं, "काही नाही रे. फोन बंद करून चालू केला, त्या क्लीनरनं मेमरी साफ केली, आणि सप्त्यातलं कीर्तन डाउनलोड केलं."

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. फाइल डिलीट झाली म्हणजे हजेरीपटावरून तिचं नाव कमी झालं, एवढंच आधी घडतं. पोरगं बाकावर बसलेलंच असतं. नवा प्रवेश आला की त्याला उठवून त्या जागी नवा विद्यार्थी बसवतात. म्हणून फाइल गेल्याबरोबर फोनवर नवीन काही उतरवायचं नाही, व्हिडिओ काढायचा नाही, इंटरनेट बंद करायचं. मामांनी दोन तासांचं कीर्तन उतरवलं होतं, म्हणजे अख्ख्या इयत्तेचा प्रवेश झाला होता.

हे जुन्या फोनचं आणि मेमरी कार्डाचं. आताच्या फोनच्या आतल्या मेमरीत भानगड वेगळी आहे. अँड्रॉइड ४.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, फोन फावल्या वेळात रिकाम्या जागा स्वतःच झाडून ठेवतो. शिवाय २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमधला सगळा डेटा कुलूपबंद करूनच साठवावा लागतो. नाव कमी झालं की किल्लीही जाते. त्यामुळे फोनच्या पोटातून कायमची डिलीट झालेली फाइल खणून काढू असं जो म्हणतो, तो एकतर अडाणी असतो किंवा पैसे आगाऊ मागतो.

२०१४ मध्ये अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीनं वीस जुने फोन विकत घेऊन त्यांतून चाळीस हजारांवर फोटो बाहेर काढून दाखवले होते. मालकांनी ते फोन पुसून विकले होते. तो जमाना गेला. मात्र कपाटात त्या काळातला एखादा फोन पडून असेल तर तो भंगारात देण्याआधी चार्जिंगला लावून बघा.

कलम २ : आधी कचराकुंडी बघावी.

शंभरातल्या बहुतेक केसेस इथेच निकाली निघतात आणि भाच्याची गावभर कीर्ती होते. गॅलरीत 'ट्रॅश', 'बिन' किंवा 'रिसायकल बिन' असतो. फोनच्या गॅलरीत फोटो तिथं साधारण तीस दिवस राहतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला असेल तर साठ दिवस, नसेल तर तीस. गूगल ड्राइव्ह आणि गूगलचं फाइल्स ॲप, दोन्हीकडे तीस. कॉन्टॅक्ट पुसले असतील तर गूगलच्या कॉन्टॅक्टमध्येही बिन आहे, तिथंही तीसच दिवस. सगळे बघायचे, कारण फोटो कुठल्या ॲपमधून 'आपोआप गेला' ते कोणालाच ठाऊक नसतं.

आणखी एक खोली आहे. अँड्रॉइड ११ पासून बऱ्याच फोनमध्ये कुंडीतल्या फाइलचं नाव बदलून तिच्यापुढे टिंब आणि 'ट्रॅश्ड' असं लावतात आणि ती लपवून ठेवतात. फाइल मॅनेजरमध्ये 'लपवलेल्या फायली दाखवा' चालू केलं की अशा फायली मूळ फोल्डरातच बसलेल्या सापडतात. नाव नीट केलं की प्रकरण मिटलं.

मामांच्या फोनमध्ये ही सगळी कुंडी रिकामी होती. स्वच्छ. धुतलेली. "कचरा कशाला घरात ठेवायचा?" संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं. बऱ्याच गावांत ते आता फलकापुरतं उरलंय, पण मामांच्या मोबाइलमध्ये ते रोज सकाळी राबवलं जातं. आधी फोटो डिलीट, मग कुंडी रिकामी, मग क्लीनर, मग चहा.

आणि एवढं साफ करून त्या फोनमध्ये शिल्लक काय? गुलाब. गुलाबावर दवबिंदू. दवबिंदूवर 'शुभ सकाळ'. सूर्योदय, विठ्ठल, चहाचा कप, कपावर पुन्हा गुलाब. मी एकदा विचारलं, मामा, हे कामून ठेवलंय? म्हणाले, "लोकांनी प्रेमानं पाठवलेलं असतंय. असं कसं पुसावं?" घरचे फोटो मात्र आपलेच, कधीही निघतील, म्हणून जागा करायला पहिल्यांदा घरचे जातात. असा माणूस प्रत्येक घरात एक असतो आणि त्याच्याशी वाद घालून मी बघितलेलं आहे. उपयोग नाही.

कलम ३ : काय गेलंय यावरून धावपळ ठरवावी.

सातबारा गेला असेल तर शोधत बसू नये. महाभूमीच्या साइटवर पंधरा रुपये भरले की डिजिटल सहीचा नवा कोरा मिळतो. आधार पुन्हा उतरवता येतं. ई-पीक पाहणीचा फोटो गेला म्हणून रडणाऱ्यांना सांगावं की तिथं गॅलरीतला जुना फोटो चालतच नाही, बांधावर उभं राहूनच काढावा लागतो. या कागदांसाठी भाच्याचा रविवार खर्ची घालू नये.

कलम ४ : व्हॉट्सॲप.

या कलमाला वेळ द्यावा, कारण आपल्याकडे फोन म्हणजे व्हॉट्सॲपच. आलेला फोटो गॅलरीतून पुसला असेल तर मूळ चॅटमध्ये जाऊन बघावं. धूसर चित्रावर डाउनलोडचा बाण दिसला तर दाबावा, फार दिवस झाले नसतील तर उतरतो. आपण स्वतः कोणाला पाठवलेला फोटो असेल तर व्हॉट्सॲप इमेजेसच्या आत 'सेंट' नावाचं फोल्डर असतं. तिथं प्रत पडून असते आणि मेमरी साफ करणाऱ्यांना ते फोल्डर सहसा माहीत नसतं. देवाची कृपा.

चॅटच उडालं असेल तर हे लक्षात ठेवा. व्हॉट्सॲप रोज रात्री दोनच्या सुमारास फोनमध्येच एक बॅकअप ठेवतं आणि साधारण मागच्या सात दिवसांचे जपतं. जागा : अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सॲपचं फोल्डर, त्यात 'डेटाबेसेस'. ॲप काढून पुन्हा टाकलं, त्याच नंबरनं उघडलं आणि 'रिस्टोअर' म्हटलं, की त्या रात्रीपर्यंतचं परत येतं. त्यानंतरचं जातं, हे आधी सांगून टाकावं, नाहीतर तुमच्यावरच नाव येतं. ॲप काढण्याआधी ते फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवावं. हे वाक्य दोनदा वाचावं.

मामा रात्री नऊला फोन बंद करतात. "दिवसभर तापलेला असतोय, त्याला बी इसावा पायजे." रात्री दोनला व्हॉट्सॲप बॅकअप घ्यायला येतं तेव्हा फोन इसावा घेत असतो.

कलम ५ : मेमरी कार्ड असेल तर देव पावला.

कार्ड लगेच बाहेर काढावं. कार्ड रीडरनं कॉम्प्युटरला लावावं. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, क्रिस्तोफ ग्रनिए या फ्रेंच माणसानं लिहिलेलं. दिसायला काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, पण कामाला चोख. सापडलेल्या फायली त्याच कार्डावर उतरवायच्या नाहीत, कॉम्प्युटरवर घ्यायच्या. फोटोरेक फाइलची जुनी नावं परत आणत नाही, नुसते आकडे देतं. त्यामुळे निकाल हाती येतो तेव्हा पुसलेलं सगळंच एकदम वर येतं. मागच्या पाच दिवाळ्यांचे कंदील येतात, निवडणुकीचे बॅनर येतात, आणि गुलाब. बसून एकेक निवडायचं.

कलम ६ : 'सॉफ्टवेअर मारावं लागंल' असं कोणी म्हटलं की फोन हातातून काढून घ्यावा.

सॉफ्टवेअर मारलं की फोन कोरा होतो. फोन रूट करतो म्हणणाऱ्यालाही हेच लागू, कारण त्यासाठी बूटलोडर उघडताना फोन आपला सगळा डेटा पुसूनच पुढे जातो. ज्यासाठी गेलो तेच घालवून वर पैसे द्यायचे. प्ले स्टोअरवरची 'शंभर टक्के रिकव्हरी'वाली ॲप्स बहुधा फोनमध्ये आधीच असलेल्या छोट्या छोट्या प्रतिमा दाखवतात, फोटो सापडला असं भासवतात आणि पूर्ण आकारासाठी पैसे मागतात. वर तुमच्या सगळ्या फायली बघायची परवानगीही त्यांना हवी असते. फोनवरून 'स्क्रीन शेअर करा, आम्ही काढून देतो' म्हणणाऱ्याला काहीच देऊ नये. दिलं असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन लावावा, मामांना मागाहून सांगावं.

कलम ७ : पासवर्ड.

फोन घेताना दुकानातल्या पोरानं जीमेल काढून दिलेलं असतं. पासवर्ड त्यानं कागदावर लिहून दिला, कागद फोनच्या खोक्यात ठेवला, खोकं पेंडीच्या पोत्यावर ठेवलं, पुढचं बैलांना ठाऊक. पण सगळा बॅकअप त्याच खात्यात असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये याच तालुक्यात पुराचं पाणी हसनाळ, रावणगावात शिरलं. माणसं गेली, जनावरं गेली. तिथं फोनची गोष्ट काढायला जीभ रेटत नाही. पण गेलेल्या माणसाचा फोटो ज्यांना हवा असतो त्यांच्यासाठी लिहून ठेवतो : फोन पाण्यात गेला तरी खात्याचा पासवर्ड हाताशी असेल तर बॅकअप झालेले फोटो आणि नंबर दुसऱ्या फोनवर उतरतात. तो कागद आजच शोधा. खातं दोन वर्षं उघडलंच नाही तर गूगल ते काढूनही टाकू शकतं.

कलम ८ : माणसं.

वरचे सगळे उपाय हरले की जे उरतं ते खरं तर आधी करावं. मामांचा गेलेला फोटो पोळ्याचा होता. त्यांची लाल कंधारी जोडी, शिंगांना बेगड, अंगावर झूल, आणि मधे मामा धुतलेल्या धोतरात कासरा धरून. त्यानंतरच्या उन्हाळ्यात जोडी विकली. गुडघे चालेनात, सालगड्याला एकट्याला झेपेना. शेजारच्या कंधार तालुक्याचं नाव लावणारी ती जात, तांबूस, आखीव. मामांना ती विकताना मी बघितलं नाही. आई सांगते, व्यापाऱ्याला त्यांनी चहा विचारला नाही, आणि आमच्याकडं हे मोठंच झालं.

कुंडी रिकामी, कार्ड नाही, बॅकअप कधीच नाही. मग मी भाऊबंदांना फोन लावले. धाकट्या मावशीकडे नव्हता. गावातल्या ग्रुपवर पोळ्याचे फोटो होते, पण बैल दुसऱ्यांचे. शेवटी सालगड्याला विचारलं. त्याच्या फोनवर तो डीपी होता, अजूनही. जोडी गेली, साल संपलं, तो दुसऱ्याच्या शेतात लागला, तरी डीपी तोच. स्क्रीनशॉट काढून त्यानं पाठवला. मामांनी बघितला आणि म्हणाले, "डाव्याचं शिंग नीट दिसंना." मग बराच वेळ दोन बोटांनी मोठा करून बघत राहिले.

तेव्हा फोटो शोधताना फोन उघडायच्या आधी यादी करा : त्या दिवशी तिथं कोण कोण होतं, कोणी मोबाइल वर धरला होता, कोणी स्टेटस ठेवलं असणार. व्हॉट्सॲपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' करायची मुदत दोन दिवस बारा तासांच्या आसपास असते. त्यानंतर पाठवलेली वस्तू समोरच्याच्या फोनमधून तुम्हाला काढता येत नाही. एरवी या गोष्टीचा वैताग येतो. या कामात तोच आधार.

कलम ९ : जादा जागा लागत असेल तर गूगल फोटोजमधलं 'जागा मोकळी करा' हे बटण वापरावं. ते बॅकअप झालेल्यांचीच फोनमधली प्रत काढतं. नेहमीच्या डिलीटनं मात्र बॅकअप चालू असेल तर दोन्हीकडचा फोटो जातो. १ जून २०२१ पासून हे फुकट अमर्याद राहिलेलं नाही, सगळं मिळून पंधरा जीबी, आणि आता व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच धरतात. गुलाबांना त्यात घेऊ नये.

सदर परिपत्रकाची प्रत माहितीस्तव आईला देण्यात येत आहे, म्हणजे ती मामांना वाचून दाखवील. पोळ्याच्या त्या दिवशी आमच्या आखाड्यावर ज्यांनी कोणी फोटो काढले असतील, त्यांना हात जोडून विनंती : गॅलरी बघा, सापडला तर पाठवा. फोटो म्हणून नको, व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा, म्हणजे मूळ आकारात येतो आणि डाव्या बैलाचं शिंग दिसतं.