वॉरंटवाले साहेब

सोयाबीन विकून झालं, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की वर्धा जिल्ह्यातल्या गावांत साहेबांची एंट्री होते. अंगात खाकी, कमरेला पट्टा, गळ्यात शिटी, बगलेत दांडा. पायात मात्र चप्पल. "कोण आहे घरात? वॉरंट आहे! तुमच्या कोंबड्यानं पहाटे शेजारणीची झोपमोड केली, कलम लागलं, चला ठाण्यात!" घरधनी क्षणभर पांढराफटक पडतो. मग त्याची नजर चपलेवर जाते आणि ओसरीवर हशा पिकतो. साहेब कडक सलाम ठोकतात, आणि सलामाचाच हात पुढे पसरतात.

ही चप्पल गरिबीची आहे असं समजू नका. बूट आहेत साहेबांकडे, पिशवीत असतात. "बूट घातला का लोक खरंच भेतात जी. भेलेला मानूस पैसे देत नाही, पाटलाले फोन लावते." बहुरूप्याचं सगळं गणित इथं आहे. सोंग पूर्ण पटलं तर माणसं पळतात नाहीतर बदडतात, अजिबात पटलं नाही तर दार लावून घेतात. पोट भरायचं ते मधल्या अर्ध्या मिनिटावर. एवढी नेमकी वेळ साधणारे नट मी रंगभूमीवरही फार पाहिलेले नाहीत.

एकदाच साहेबांचा अंदाज चुकला. वर्धा हा गांधींचा जिल्हा, पन्नासेक वर्षांपासून दारूबंदी. त्यामुळे खाकी पाहून काही गल्ल्या आपोआप ओस पडतात. अशाच एका गल्लीत साहेबांनी तोंड उघडण्याआधीच एका बाईनं नोटांची घडी त्यांच्या मुठीत कोंबली आणि "यावेळी लवकर आले जी" म्हणाली. त्यांच्या कारकिर्दीतलं ते सर्वांत घसघशीत मानधन. धंद्याच्या इमानाला जागून साहेबांनी ते परत केलं आणि सलाम ठोकला, तर बाईनं त्यांना फडा घेऊन नाक्यापर्यंत पिटाळलं. खऱ्याला पैसे आणि खोट्याला झाडू, हा न्याय त्यांना अजून उमगलेला नाही.

एरवी ते फार सावध. 2018 मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावानं पाच भिक्षेकरी गोसाव्यांना ठेचून मारलं. तेव्हापासून साहेब नव्या गावात शिरताना आधी साध्या कपड्यांत खऱ्या ठाण्यात जातात, नाव लिहून देतात आणि आधार कार्डाची झेरॉक्स खाकीच्या खिशात ठेवतात. आपण खोटे आहोत याचा खरा पुरावा जवळ बाळगणारा हा बहुधा एकमेव फौजदार.

पण हे झालं पोटाचं. साहेबांना व्हायचंय सिनेमातला इन्स्पेक्टर. ही बाधा त्यांना 2016 साली झाली. 'सैराट' आला, अकलूजची शाळकरी पोरगी बघता बघता महाराष्ट्राची आर्ची झाली, आणि गावोगावी माणसं आरशासमोर जास्त वेळ उभी राहू लागली. साहेबांना तर आरसाही लागत नाही, आर्वी नाक्यावर उभ्या कोणाच्याही मोटरसायकलचा चालतो. त्यात बघून मिशी कोरायची, डावी भुवई वर, उजवी खाली. गाडीचा मालक आला की त्यालाच विचारायचं, "लायसन?" शर्टाच्या आत लॅमिनेट केलेले फोटो असतात: इन्स्पेक्टर, यमराज, शेंदूर फासलेला मारुती, आणि एक गांधीजी.

गांधीजी त्यांनी सेवाग्रामला केले. चष्मा, पंचा, काठी, हुबेहूब. सहलीच्या पोरांनी सेल्फी काढले, मास्तरांनी पाया पडून घेतलं, पण साहेबांनी हात पुढे करताच मंडळी दुखावली. बापूंनी पैसे मागायचे म्हणजे काय! खरं तर बापूंनी आयुष्यभर निधी गोळा केला. हरिजन फंडासाठी ते एका सहीचे पाच रुपये रोख घेत. हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा ते उसळलेच. "पाहा! अन् थो इंग्रज, गांधी झाला तं त्याले ऑस्कर भेटला. मले दिवसाचे वीस रुपये." बेन किंग्सलीशी स्वतःची तुलना करताना त्यांच्या चेहऱ्यावर संकोच नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही ती फारशी हास्यास्पद वाटली नाही. चिंतामणराव कोल्हटकरांसारख्या नटानं आपल्या आत्मचरित्राला 'बहुरूपी' हे नाव दिलं, त्याला 1958 चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. दारोदारच्या बहुरूप्याला मात्र नट म्हणायला कोणी तयार नाही.

मध्ये ते झाडीपट्टीतही जाऊन आले. वडसा म्हणजे तिकडची नाटकनगरी, दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र प्रयोग चालतात. साहेबांना हवालदाराचं काम मिळालं, वाक्यं दोन. पहिलं बरं गेलं. दुसऱ्याच्या आधी समोरच्या रांगेत फेटेवाले सरपंच दिसले आणि साहेबांचा हात सवयीनं शिटीकडे गेला. ते थेट खाली उतरले, सरपंचांवर वॉरंट काढलं, शंभराची नोट घेतली, सलाम ठोकला आणि वर आले. तोवर हिरोइनच्या बापाचा खून पोलिसांअभावी उरकून गेला होता. पब्लिकनं वन्स मोअर दिला, निर्मात्यानं तिकिटाचे पैसे.

परवा नागपूरला ऑडिशन होती. हॉटेलच्या जिन्यात पोरं ताटकळत होती. साहेब पूर्ण ड्रेसमध्ये गेले आणि पहिल्यांदाच बूट घालून. वॉचमननं सलाम करून त्यांना थेट वर सोडलं. आत कॅमेरा लावून बसलेली मंडळी ताडकन उभी राहिली. "सर, परमिशनचा अर्ज टाकलाय, कॉपी येतेच आहे." खुर्ची आली, पाणी आलं, चहाची ऑर्डर गेली. साहेब नुसते भुवई वर करून बसले होते. अर्धं मिनिट भरलं, आणि मग त्यांना राहवेना. उठून सलाम ठोकला, "बहुरूपी आहो मायबाप!"

मंडळी भडकली. वेळ काय घालवता, बाहेर रांगेत या, आणि एक सांगतो, पोलीस वाटत नाही तुम्ही, जरा नैसर्गिक करायला शिका. पण चहा येऊनच गेला होता, तो त्यांनी पिऊ दिला. निघताना एका पोरानं पन्नास रुपये दिले. ही सिनेमा लाइनची पहिली कमाई म्हणून साहेबांनी वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवली आहे.

पोलीस त्यांना पटला नाही याचं साहेबांना वाईट वाटलं, पण खचले नाहीत. पुढच्या ऑडिशनला इन्कम टॅक्सवाला बनून जायचं ठरलंय. काल मला अडवून विचारत होते, "तुमी शिकले-सवरले हा, सांगा बरं, त्याचा डिरेस कसा राह्यते जी?"