श्वासाची मोजणी

चारचौघांत बोलता बोलता मध्येच तळवा वर करून जो "थांबा" म्हणतो, तो श्वासमोज्या. आमच्या रत्नागिरीत संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर एक तरी सापडतोच. हापूसच्या पेटीचा भाव ठरत असो की मुलीच्या लग्नाची बोलणी चाललेली असोत, थांबा म्हणजे थांबा. श्वास आत गेला खरा, पण पुरता गेला का? कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर खिशातून निघतो, बोटाला लागतो, 98 दाखवतो. गृहस्थांचा निष्कर्ष एकच, यंत्र बिघडलं.

मन अस्वस्थ झालं की श्वासाकडे लक्ष द्यावं, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. सल्ला बरा आहे, माणूस चुकला. श्वासाचा कारभार मेंदूचा तळभाग पाहतो, झोपेतही पाहतो. मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण 12 ते 20. हठयोग्यांनी दिवसाचे 21,600 धरले, तेही त्याच हिशेबात बसतात. पण ह्याने हजेरीपट उघडला की श्वास मुद्दाम खोल होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठांना-बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. त्याला वाटतं हवा कमी पडतेय. म्हणून तो आणखी ओढतो. वास्तविक ती जास्त झालेली असते. कोकणात जमिनीची मोजणी आणली की जसा नसलेला तंटा उभा राहतो, तसंच हे.

कुणी म्हणेल, मग कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात योगासाठी कैवल्यधाम काढलं, गोएंका गुरुजींनी इगतपुरीत हजारोंना श्वास पाहायला बसवलं, ते सगळं फोल? मुळीच नाही. तिथे शिकवणारा समोर असतो, आणि आनापान ध्यानात श्वास नुसता पाहायचा असतो, ओढायचा नसतो. गोएंका जन्मले मंडालेत. त्याच मंडालेचा थिबा राजा 1916 पर्यंत आमच्या गावात होता. इंग्रजांनी राजाला नजरकैदेत ठेवलं, श्वासमोज्याने श्वासाला. शिवाय काहींना डोळे मिटून आत पाहिलं की भीतीच वाढते. त्यांनी उघड्या डोळ्यांनी भाट्याच्या पुलावरून चालावं, येणाऱ्या होड्या मोजाव्यात. थांबा, श्वास? तो येतो मागून.

लक्ष बाहेर गेलं की श्वास आपसूक चालतो, ह्याला पुरावा खुद्द श्वासमोज्याच देतो. शेजारच्या पोराला मध्यरात्री दम्याची उबळ आली की सगळ्यांआधी हाच उठतो, रिक्षा आणतो, पोराला टेकवून बसवतो, पाठीवरचा हात काढत नाही. घुसमटीची भीती त्याच्याइतकी कुणाला ठाऊक? आणि त्या सबंध रात्रीत एकदाही "थांबा" नाही. असा माणूस शेजारी असावा, हे नाइलाजाने कबूल करावं लागतं.

छातीत दुखत असेल, चार पायऱ्यांत धाप लागत असेल, तर होड्या सोडा आणि डॉक्टर गाठा. तपासणीत काही निघालं नाही तरी भीती हटत नसेल, तर राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीतच आहे. त्या फाटकातून आत जाताना कुणी पाहिलं, तर खुशाल पाहू द्या.