चिरंजीवांच्या चाकांबाबत काढलेल्या हरकतींचे उत्तर

रॉयल ओक, मिशिगन
ऑगस्टअखेर

तीर्थस्वरूप बाबा आणि आई यांस,

बाबा, तुमचं पत्र मिळालं. ए. जी. (महालेखापाल) ऑफिसातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण हरकत काढायचा हात अजून तसाच आहे. पहिली हरकत : गाडी चालू स्थितीत असताना चारही चाके बदलण्याचे कारण काय? दुसरी : आधी गाडी खाली केली व मग चाके मोठी केली, हे परस्परविरोधी दिसते, खुलासा व्हावा. तिसरी : एकूण खर्च. तुमचे चिरंजीव म्हणाले, "तिसरीला उत्तर लिही, पावत्या गहाळ आहेत." पावत्या गहाळ नाहीत. माझ्या मसाल्याच्या कपाटात सुरक्षित आहेत. पण तो विषय मी आईंशी फोनवर बोलेन. तुम्ही तेवढा वेळ बाड्यावर, बाजारात, चक्कर मारून या, ब्लडप्रेशर सांभाळायला हवं.

गाडी १९६९ची पॉन्टिअॅक जीटीओ. इंजिन ४०० घन इंचांचं, म्हणजे साडेसहा लिटरचं. आपल्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं १०८९ सीसी. भागाकार तुम्ही कराल म्हणून मीच करून टाकते : जवळपास सहा पद्मिनी एका बॉनेटखाली, आणि दारं मात्र दोन. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून, अंग चोरून आत शिरायचं. आईंनी विचारलं होतं की एवढ्या पैशात चार दारांची का नाही घेतली. हा प्रश्न मीही विचारला होता. उत्तर मिळालं नाही, नुसती नजर मिळाली. पॉन्टिअॅक हे गाव इथून जवळच, वुडवर्ड अव्हेन्यूच्या वरच्या टोकाला. जनरल मोटर्सनं २०१० साली तो ब्रँडच गुंडाळला. म्हणजे गाडीचं माहेर बुडालं, पण सासरी लाड काही कमी नाहीत.

आणि गंमत ऐका. कारखान्यातून निघाल्या तेव्हा दोघींची चाकं १४ इंचीच होती, जीटीओचीही आणि पद्मिनीचीही. फरक रुंदीत. पद्मिनीचा टायर ५.२० इंचांचा, जीटीओचा आजच्या हिशोबात साधारण २२५ मिलिमीटरचा.

आता दुसरी हरकत, कारण खरी गोम तिथंच आहे. टायरवर आकडे असतात. पुढच्या चाकाला आता २४५/४५ आर १७ आहे. यातला २४५ हा मिलिमीटर, टायरची रुंदी. ४५ म्हणजे टक्के : रुंदीच्या ४५ टक्के टायरची उंची, रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत. आणि १७ हे इंच, रिमचा व्यास. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! असं व्हाउचर तुम्ही पास केलं असतंत का? पण सगळं जग हेच पास करतं. मांडा वहीत : २४५चे ४५ टक्के ११०.२५, वर आणि खाली मिळून २२०.५, त्यात १७ इंचांचे ४३१.८. बेरीज ६५२.३ मिलिमीटर. आता जुना टायर, २२५/७० आर १४ : १५७.५ची दुप्पट ३१५, अधिक ३५५.६, बेरीज ६७०.६. म्हणजे ज्याला तुम्ही 'मोठं चाक' म्हणताय ते, पुढचं तरी, बाहेरून मोजलं तर १८ मिलिमीटरनं लहानच आहे! वाढली ती रिम, कमी झालं ते रबर. परस्परविरोध नाही, खुलासा संपला.

पहिल्या हरकतीचं उत्तरही यातच येतं. १४ इंची रिमला आता धड टायर फार मिळत नाहीत, आणि मोठे डिस्क ब्रेक तिच्या आत मावत नाहीत. शिवाय रबर उंच असलं की वळणावर ते कुशीवर झुकतं. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. चौथा, म्हणजे गाडी शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा रुबाबदार दिसावी, हा कागदावर कुठेच नाही, पण खर्च त्याच्याच खात्यात पडलाय.

गाडी पुढून दोन इंच खाली आणली ती स्प्रिंग न कापता. स्प्रिंग कापणारे कापतात आणि मग कंबर धरून गाडी चालवतात. इथे चाकाचा आस ज्या स्पिंडलवर असतो, तो स्पिंडलच बदलला. नव्यात आस दोन इंच वर घेतलेला असतो, त्यामुळे चाक जागेवर राहतं आणि गाडी खाली येते. खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली, कारण चाक आणि मडगार्ड यांच्यात जी मोकळी हवा होती ती संपली. आता चाक बाहेर किती आणि आत किती, हे पाव-पाव इंचानं ठरवायचं.

याला बॅकस्पेसिंग म्हणतात. रिम दर्शनी बाजू खाली करून जमिनीवर पालथी ठेवायची, मागच्या कडेवर आडवी पट्टी टेकवायची, आणि पट्टीपासून रिम जिथे गाडीला टेकते त्या तोंडापर्यंतचं अंतर मोजायचं. आकडा वाढला की चाक आत जातं आणि सस्पेन्शनला घासतं. कमी झाला की बाहेर येतं आणि मडगार्डला घासतं. गेल्या दिवाळीत आईंनी ब्लाउज बेतायची टेप पाठवली होती ना, ती आता गॅरेजात असते. तिच्यावर ग्रीस आहे. माझे ब्लाउज अंदाजानं चाललेत.

इथल्या मराठी मंडळातल्या गणपतीच्या बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, "माझ्या जुन्या बीएमडब्ल्यूच्या रिम पडून आहेत, फुकट घेऊन जा, पाच बोल्टच आहेत." पाच बोल्ट खरेच, पण त्यांच्या वर्तुळाचा व्यास १२० मिलिमीटर आणि जीटीओचा पावणेपाच इंच, म्हणजे १२०.६५. डोळ्यांना फरक दिसत नाही, नटही चढतात, पण चाक मधोमध बसत नाही आणि हायवेवर नट सैल व्हायची भीती. ६५ शतांश मिलिमीटरसाठी फुकटची चीज नाकारून चिरंजीव परत आले. बाबा, त्या दिवशी ते तुमचेच आहेत याची मला खात्री पटली.

आता कणकेचं, आई. ओळखीच्या गॅरेजमधून पुढच्या चाकांची एक जोडी उसनी आणली आणि चढवली. घासतंय की नाही हे आत डोकं घालून दिसत नाही, म्हणून मडगार्डच्या आतल्या कडेला आणि बंपरमागच्या खालच्या कोपऱ्यात मळलेल्या कणकेचे गोळे चिकटवले. संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक, मला न विचारता. मग स्टिअरिंग पार शेवटापर्यंत वळवून गाडी ड्राइव्हवेच्या उतारावरून खाली-वर केली. उजवीकडचा कोपऱ्यातला गोळा चपटा झाला होता आणि त्यावर टायरच्या नक्षीचे पट्टे स्पष्ट उमटले होते. उरलेल्या कणकेची जाडी म्हणजे उरलेली जागा. पापडाएवढी. तुमची नात वही घेऊन आकडे लिहीत होती. डावीकडचा आकडा उद्या घेऊ म्हणाले, आणि सकाळपर्यंत डावीकडची कणीक खारींनी फस्त केली. वहीत आता 'डावी बाजू : नोंद उपलब्ध नाही' असा शेरा आहे. या मुलीला ए. जी. ऑफिसात सहज घेतील.

एवढ्यावरून पुढे आठ इंच रुंदीच्या आणि पाव इंच जास्त आत बसणाऱ्या रिम मागवल्या. मागे नऊ इंची रिम, २५५/५० आर १७ टायर. मागच्या बाजूला वेगळंच निघालं : मागचा अॅक्सल गाडीच्या बरोबर मध्ये नाही! डावीकडे जागा कमी, उजवीकडे जास्त. त्या काळच्या गाड्यांत हे नेहमीचंच म्हणतात. म्हणजे एका बाजूचं माप घेऊन दोन्हीकडे लावलं असतं तर फसगतच होती. मडगार्डची आतली कड रोलरनं वर दुमडली. रंग तडकू नये म्हणून आधी पत्रा गरम करावा लागतो. माझा हेअर ड्रायर त्या कामी आला.

रिकाम्या गाडीवर मोजून भागत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आपली पद्मिनी आत्याबाईंचं कुटुंब मागे बसलं की फुकटात लोअर व्हायची. उरवाई दरवाज्यानं ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना टायर घासल्याचा आवाज यायचा आणि तुम्ही काच वर करायचात, हा किस्सा इथे प्रमाण म्हणून मांडला गेला. त्यानुसार मंडळातल्या तीन वजनदार सभासदांना मागे बसवलं. ते बसले लगेच, उतरायला मात्र वेळ लागला. घासलं नाही. त्यांना श्रीखंड-पुरी घातली. तोही खर्च चाकांच्याच खात्यात धरावा.

एक गोष्ट लेखी कबूल करून घेतली आहे. स्पीडोमीटर गिअरबॉक्सकडून, म्हणजे मागच्या चाकाच्या फेऱ्यांवरून वेग दाखवतो. मागचं नवं चाक ६८७ मिलिमीटर, जुन्याहून सुमारे अडीच टक्क्यांनी मोठं. काटा ६० म्हणतो तेव्हा गाडी साडेएकसष्टवर असते. पोलिसाला हा गुणाकार समजावायची जबाबदारी चिरंजीवांची.

आणि मिशिगनचे खड्डे! आपल्याकडे पावसाळ्यात पडतात, इथे हिवाळ्यात. भेगेत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं, आणि रस्ता उखडतो. आधी खड्डा आणि रिम यांच्यामध्ये १५७ मिलिमीटर रबर होतं, आता पुढे ११० आहे. लोक वीस इंची रिम घालून हेच रबर आणखी कमी करतात. त्यांना मी काय म्हणू? आमची गाडी नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजात झाकून असते. रस्त्यावर मीठ टाकतात, पत्रा खातं ते. म्हणजे अर्धं वर्ष माझी साधी गाडी बर्फात बाहेर उभी आणि ही आत, पांघरुणाखाली. जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी सोडली, तर चाकांचे एवढे लाड मी कुठे पाहिले नाहीत.

हे सगळं ज्यासाठी चाललं होतं ती वुडवर्ड ड्रीम क्रूझ यंदाही ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी झाली. १९९५ पासून भरते. फर्नडेलपासून पॉन्टिअॅकपर्यंत जुन्या गाड्यांची रीघ आणि दोन्ही कडांना खुर्च्या टाकून बसलेली माणसं. बाबा, याच वुडवर्डवर १९०९ साली एक मैल काँक्रीटचा रस्ता केला होता, अमेरिकेतल्या काँक्रीट हायवेचा पहिला मैल म्हणतात. आम्ही सकाळी निघालो. वळणावर गाडी कशी चिकटून राहते ते दाखवतो म्हणाले. पण वुडवर्ड हा जवळजवळ सरळ रस्ता आहे! वळणच नाही. त्यात गर्दी अशी की सरळसुद्धा धड जाता येईना. आपल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात माणसं जेवढ्या वेगानं सरकतात तेवढ्याच वेगानं आम्ही सरकलो. एका म्हाताऱ्या बाबांनी वाकून पुढच्या चाकाकडे पाहिलं, मडगार्डच्या फटीत दोन बोटं घातली, मान डोलावली आणि काही न बोलता पुढे गेले. तेवढ्यावर चिरंजीव आठवडाभर खूश आहेत.

आता महत्त्वाचं. डिसेंबरात तानसेन समारोहाला हे एकटे येताहेत, आम्ही दोघी नंतर येऊ. मेळ्यात रोड टॅक्सची सवलत मिळाली तर नवी गाडी घ्यायची, असा तुमचा बेत असेल तर तो यांच्या कानावर आधी घालू नका, शोरूमवाल्याला बॅकस्पेसिंग विचारतील. आणि गेल्या आठवड्यात यांनी तुमच्याकडे पद्मिनीच्या मागच्या मडगार्डचा 'पट्टी धरून काढलेला' फोटो मागितला आहे, हे मला कळलं आहे. पाठवू नये. पद्मिनीची चावी आईंनी त्यांच्याकडे ठेवावी, कुठे ते बाबांनाही सांगू नये.

यांच्याबरोबर गजक पाठवाल ती मुरैन्याचीच, तिळाची. नातीसाठी कमी गोडाची.

आपली,
सूनबाई