शिलेदाराचे चार महिने

आषाढ लागला, नद्या फुगल्या की मराठी शिलेदार घरी येई. दसऱ्याला सीमोल्लंघन करून आठ महिने परमुलखात काढायचे आणि पावसाळ्यात छावणीला परतायचं, ही शिवकालापासूनची वहिवाट. बखरींत भेटतो तो आठ महिन्यांचा शिलेदार. उरलेल्या चार महिन्यांचा सोसला तो घरच्यांनी.

नागपूरकर भोसल्यांच्या काळातला असा एक शिलेदार कळंबच्या ओट्यावर बसलेला कल्पावा. गाव काही आडवळणाचं नाही. ‘आइन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत कळंबचं नाव आहे, आणि चिंतामणीच्या दर्शनाला माणसं लांबून येतात. पण ओट्यावरच्या या गृहस्थाची नजर ना देवळाकडे, ना चक्रावतीच्या पुराकडे. ती खिळलेली असते गोठ्याकडे. तिथे त्याची सगळी इस्टेट चार पायांवर उभी असते.

कारण शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. म्हणून शिलेदार बारगिराकडे, घरवाला भाडेकरूकडे बघतो तसा बघे. मिशी दोघांची सारखीच, पण पीळ शिलेदाराचा जास्त.

घोडा पारखताना त्याला पाहावं. आधी ओठ वर करून दात, मग खूर, मग भोवरे. कोणता भोवरा धन्याला तारतो आणि कोणता बुडवतो, हे त्याला तोंडपाठ. चारी पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी दिसला की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. स्वतःच्या मुलीचं स्थळ मात्र तो जेवणाच्या पंगतीत, दोन घासांच्या मधे ठरवून मोकळा होतो.

खरारा, चंदी, तोबरा यांत दिवस जातो. हरभरा आधी घोड्याला. घरात यावरून ठिणगी पडतेच: “घोड्याले चने अन् पोरायले आंबील!” तो उत्तर देत नाही. मोहिमेवर जाऊन पैसा कोण आणणार, हे त्याच्या मते उघड आहे.

दाण्याची ही चिंता सरकारदरबारीही पोचली होती. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या घोडदळाला गेलेलं पत्र प्रसिद्ध आहे. वैरण पुरवून वापरा, गवताजवळ चिलमी ओढू नका, रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर वात पळवेल आणि गंजी पेटतील, इथपर्यंत त्यात बजावलं आहे. शत्रूला न भिणारी माणसं रिकामी बसली की काय काय करू शकतात, याचा इतका बारीक अंदाज दुसऱ्या कोणी केलेला नसेल. भोसल्यांनी तर वऱ्हाडात ‘घासदाणा’ नावाचा करच वसूल केला. निजामाचा अंमल वेगळा आणि भोसल्यांचा वेगळा, अशा दोअंमली मुलखात रयत दोन धन्यांना देऊन वर घोड्यालाही देत होती.

शिलेदाराच्या शौर्यालाही घोड्याचाच लगाम. विल्यम टोन हा आयरिश अधिकारी अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या चाकरीत होता. घोडा स्वाराच्या मालकीचा, तो मेला तर नुकसान स्वाराचं. म्हणून ही मंडळी अंगावर जायला नाखूश असतात, असं त्याचं निरीक्षण. आमच्या शिलेदाराला यात दोष दिसला नसता. “घोडं मेलं तं मले कोन देते, बाप्पा?” आणि हीच घोडी 1742 पासून भोसल्यांच्या भास्कररामाबरोबर बंगालवर गेली, तेव्हा तिकडच्या आया ‘बर्गी आले’ म्हणून पोरं निजवू लागल्या. 1751 च्या तहात सालाना बारा लाखांची चौथ ठरली. पण ‘बर्गी’ म्हणजे बारगीर. नाव झालं बारगिराचं! शिलेदाराच्या मनाला हे लागलं असतं.

लढाई नसतानाही घोड्यात जीव अडकलेला हा नमुना एकट्या वऱ्हाडचा नाही. पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीला व्हर्सायच्या तहाने एक लाखाची फौज ठेवू दिली आणि तिच्या दहा डिव्हिजनांपैकी तीन घोडदळाच्या. रणगाडे बंद, लढाऊ विमानं बंद, घोडा तेवढा मोकळा. मग तिथले खानदानी स्वार उड्या आणि शर्यतींत रमले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कोनराड फॉन वांगेनहाइम हा उमराव घराण्यातला अधिकारी घोड्यावरून पडला. कॉलरबोन मोडलं, तरी फेरी पुरी केली. दुसऱ्या दिवशी हात बांधून उतरला, पुन्हा पडला, पुन्हा चढला, आणि संघाला सुवर्णपदक मिळालं. कळंबच्या ओट्यावर ही हकिकत सांगितली असती तर प्रश्न एकच आला असता: “घोडं कोनाचं होतं?”

1803 च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचं वऱ्हाड गेलं. शिलेदारी मात्र टिकली, कारण इंग्रजांना ती स्वस्त वाटली आणि त्यांनी ती आपल्या हिंदी घोडदळात उचलली. पुढे पहिल्या महायुद्धात दूरच्या आघाड्यांवर मेलेल्या घोड्यांच्या जागी नवे घोडे आणणं स्वारांच्या ऐपतीबाहेर गेलं आणि 1921 च्या सुमारास ती पद्धत मोडीत निघाली. तेव्हापासून घोडा सरकारचा. म्हणजे उरलेसुरले सगळे शिलेदार एका हुकुमात बारगीर झाले.