पहिला ट्रायथलॉन : पावसाळ्यातील आढळ, आहार व सवयी

पोहणे, सायकल चालवणे आणि पळणे हे तीन प्रकार याच क्रमाने, मध्ये न थांबता पुरे करण्याच्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना कपडे-बूट बदलण्यात गेलेला वेळही एकूण वेळेत धरतात. त्यामुळे ओल्या पायावर मोजा चढेना म्हणून घालवलेली चार मिनिटे निकालाच्या तक्त्यात वेगळ्या रकान्यात छापून येतात आणि ती पुसता येत नाहीत.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला आला. तेथील अंतरे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर पळणे अशी आहेत. त्याच्या निम्म्याला स्प्रिंट म्हणतात. नवख्याने स्प्रिंटपासून सुरुवात करावी असे सगळे जाणकार सांगतात आणि नवखा ते मन लावून ऐकतो. मग तो गोव्याच्या हाफ आयर्नमॅनची चौकशी करतो. ही शर्यत २०१९ पासून मिरामारला होऊ लागली. तीत १.९ किलोमीटर पोहून, ९० किलोमीटर सायकल मारून वर २१.१ किलोमीटर पळायचे असते. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट असून तो सतरा तासांत संपवावा लागतो.

आयर्नमॅनची सुरुवात एका वादातून झाली. पोहणारा, सायकलवाला आणि पळणारा यांत खरा दमदार कोण, यावर हवाई बेटांत एका बक्षीस समारंभाला चर्चा रंगली. जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याने तिन्ही शर्यती जोडून टाकण्याचा तोडगा काढला. फेब्रुवारी १९७८ मध्ये १५ जण निघाले, १२ पोचले. वाद मिटला नाही, पण एक सोय कायमची झाली. कोणत्याही एका खेळात बेताचा असलेल्या माणसाला ती गोष्ट तीन खेळांत वाटून टाकता येऊ लागली.

सांगली जिल्ह्यातल्या कुंडल परिसरात आढळणारा नवखा उमेदवार साधारणपणे चाळिशी ओलांडलेला, नोकरीत स्थिरावलेला आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेला असतो. चालायला सांगितल्याबरोबर तो पोहण्याचा चष्मा मागवतो. प्रस्तुत लेखकाची निरीक्षणे मर्यादित साहित्यावर आधारलेली आहेत. ते साहित्य म्हणजे तो स्वतः. तरीही इतर गावांतून मिळालेली वर्णने या नमुन्याशी जुळतात.

सराव पावसाळ्यातच सुरू होतो, कारण शर्यती पावसाळा संपतासंपता असतात आणि उन्हाळाभर उमेदवार बूट कोणते घ्यावेत यावर विचार करत असतो. कुंडल सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. नवजा, कोयना, महाबळेश्वर इकडे पाऊस धो धो कोसळत असताना कुंडलात नुसती भुरभुर असते. चिखल होण्यापुरती ती पुरते, कौतुक होण्यापुरती पुरत नाही. कृष्णा मात्र वरच्या पावसावर फुगते. सगळा पलूस तालुका आकाशाकडे न बघता सांगलीच्या आयर्विन पुलाकडे कान लावून बसतो. तेथे ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते.

म्हणून नदीतला सराव या लेखाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. त्या महापुरात, ८ ऑगस्ट २०१९ रोजी, याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटली. त्यात बायका होत्या, मुले होती. त्या बाजूला ‘मोकळ्या पाण्यातला सराव’ हे शब्द कोणी तोंडातून काढत नाही, आणि बाहेरून शिकून आलेल्यानेही काढू नयेत.

राहते विहीर. या भागातली पोरे पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. शिकवण्याची पद्धत म्हणजे वरून ढकलणे. या शिक्षणात सूर आणि मुटका उत्तम येतो, अंतर येत नाही, कारण विहिरीत कुठे जायचेच नसते. चाळीस फूट व्यासाच्या विहिरीत कडेकडेने एक फेरा जेमतेम तीस मीटरचा भरतो. दीड किलोमीटरला पन्नासेक फेरे लागतात. तेवढ्या फेऱ्यांनी डोके गरगरते आणि डावा खांदा उजव्यापेक्षा तयार होतो. उपग्रहाशी जोडलेले घड्याळ विहिरीच्या कठड्याखाली बावचळते. घरी आल्यावर नकाशा उघडला, की उमेदवार सकाळभर शेजारच्या उसात पोहत होता असे दिसते. तो नकाशा तरीही मित्रांना पाठवला जातो.

काठावर बसलेली पोरे हा या टप्प्यातला खरा अडथळा. पोट आत घेऊन पोहता येत नाही. पोहण्याचे इतर सर्व तोटे सरावाने कमी होतात, एवढा एक राहतो. “काका, नुसतं गोल गोलच फिरणार काय? वरनं उडी मारा की,” अशी सूचना होते. तिला शास्त्रीय उत्तर देण्याच्या नादात नाकात पाणी जाते. तेवढ्यात विहिरीचा मालक लाईट आली म्हणून मोटर चालू करायला येतो. पाण्यात माणूस आहे हे बघून तो काही बोलत नाही, पेटीपाशी नुसता उभा राहतो. उमेदवाराला वर यावे लागते. शेतीच्या लाईटचे वेळापत्रक दर आठवड्याला फिरत असल्याने सरावाचे वेळापत्रकही तसेच फिरते.

सायकलीचा विषय त्या मानाने मोठा आहे. शर्यतीच्या सायकलीचा टायर अंगठ्याएवढा रुंद असतो आणि तिला चिखलपट्टी नसते, कारण चिखलपट्टीचे वजन होते. हे वजन वाचवणाऱ्याचे स्वतःचे वजन किती, हा प्रश्न सभ्यपणे टाळला जातो. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रानातली काळी माती डांबरावर येते, वर भुरभुर पडली की तिचा चिकटा होतो आणि ब्रेक दाबल्यावर सायकल थोडा विचार करून थांबते. मागच्या चाकाने उडालेला चिखल पाठीवर मानेपर्यंत सरळ रेघ काढतो. ही रेघ पुसायची नसते. गावात शिरताना दूध घालायला आलेल्या मंडळींना ती दिसावी एवढ्यासाठी उमेदवार डेअरीवरून वळसा घालून येतो. मंडळी रेघ पाहतात आणि विचारतात, “सायकल केवढ्याला पडली ओ सर?” खरी किंमत बायकोला सांगितलेली नसल्याने उत्तर दोन ठिकाणी जुळवून द्यावे लागते.

सायकल म्हटल्यावर किर्लोस्करवाडी टाळता येत नाही, आणि टाळायचे कारणही नाही. कुंडलपासून ती हाकेच्या अंतरावर आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावला आले. पुढे नावारूपाला आलेल्या त्यांच्या सगळ्या उद्योगांचा उगम बेळगावातल्या १८८८ च्या सायकलींच्या दुकानात धरतात. तेव्हा सायकल ही चैन होती. ती विकत घेणाऱ्याला आधी ती चालवायला शिकवावे लागे, आणि तेही काम लक्ष्मणराव करत. पुढे बेळगावातली जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा निवडुंगाने भरलेला माळ देऊ केला. १९१० साली तेथे कारखाना उभा राहिला आणि पुढे स्टेशनचे नावच बदलले.

आता हे बाळासाहेब कोण, तर सूर्यनमस्काराचे थोर पुरस्कर्ते. स्वतः रोज घालत, घरच्यांकडून घालून घेत, संस्थानातल्या शाळांतून मुलांना घालायला लावत. कुंडल औंध संस्थानातच होते, तेव्हा कुंडलकरांच्या आजोबा-पणजोबांच्या कमरा सरकारी धोरणाने वाकलेल्या आहेत. १९३८ मध्ये बाळासाहेबांचे या विषयावरचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले. नमस्काराला पाच-सहा फूट जागा पुरते, तो छपराखाली घालता येतो आणि पाऊस आडवा येत नाही. व्यायामप्रकार म्हणून तो परिपूर्णच. त्यात उणीव एकच, की रस्त्यावरून जाणाऱ्याला तो दिसत नाही.

म्हणजे १९१० साली कुंडल रोडच्या माळावर एक सायकल शिकवणारा माणूस आणि एक व्यायामाने झपाटलेला राजा एकत्र आले होते, आणि जवळून कृष्णा वाहत होती. तिन्ही घटक हजर होते. ट्रायथलॉनचा शोध इथेच लागायला हवा होता. तो अडुसष्ट वर्षांनी हवाईत लागावा, हा निव्वळ दुर्लक्षाचा प्रकार म्हणावा लागेल. लक्ष्मणरावांनी या माळावर सायकलींऐवजी लोखंडी नांगर केले. लोकांना नांगराची जास्त गरज होती, हे त्याचे कारण असावे. हा मुद्दा प्रस्तुत लेखकाने कुंडल-पलूस रस्त्यावर अनेकदा, विशेषतः चढावर, सविस्तर विचारात घेतला आहे. चढ संपल्यावर तो मुद्दा आठवत नाही.

सप्टेंबर उलटला, की याच रस्त्यावर हवामानाबद्दल दुसऱ्या कोणाचे तरी ऐकावे लागते. छाटणी झालेल्या द्राक्षबागांवर ढग दाटले आणि पाने ओली राहिली, की डावण्या हा रोग येतो. फुटलेल्या घडावर तो बसला, की वर्षाचे पीक हातचे जाते. अशा वेळी शेतकरी रात्री-बेरात्री ट्रॅक्टरला ब्लोअर लावून औषध मारतो. पहाटे बागेच्या कडेने सायकल जाताना त्या फवाऱ्याचे तुषार अंगावर येतात. ट्रॅक्टरवरचा माणूस तोंडाला टॉवेल गुंडाळून, तांबारलेल्या डोळ्यांनी बघतो आणि हात वर करतो. त्याच्यापुढे ‘आज हवा फार खराब, सराव नीट झाला नाही’ असे बोलण्याची सोय राहत नाही.

पळणे सर्वांत स्वस्त, म्हणून शेवटी येते. पावसात पळणाऱ्याला कुत्री ओळखतात आणि माणसे ओळखत नाहीत. “गाडी बंद पडली काय?” असे विचारून पुढे नेऊन सोडण्याची तयारी दाखवणारे दुचाकीस्वार वाटेत भेटतात. नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटते. उमेदवाराची गती मोजण्यास घड्याळाची गरज नसते. छत्री घेऊन देवळाला निघालेल्या आजी किती वेळ शेजारून चालत होत्या, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

याच रस्त्यावर पहाटे साडेपाचला भरतीची पोरे-पोरी पळतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचे असते, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे एकूण ५० गुण. १६०० मीटरला पूर्ण २० गुण हवे असतील, तर ५ मिनिटे १० सेकंदांत पोचावे लागते. २०२४ ची मैदानी चाचणी राज्यभर १९ जूनला, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली. या मुलांना हवामान निवडता येत नाही. परगावच्या मैदानावर जायचे तर आदल्या रात्री जागा मिळेल तिथे आडवे व्हायचे आणि पहाटे चिखलात उभे राहायचे. एक मुलगी रोज दिसते. ओढणी कमरेला घट्ट आवळलेली, डाव्या बुटाचा तळ सुतळीने बांधलेला. मागून तिचे वडील एम-एटीवर पहिल्या गिअरमध्ये येतात आणि दिव्याचा उजेड तिच्या पायांपुढे पडेल अशी गाडी धरतात. उमेदवाराला ओलांडताना ती “काका, साईड” म्हणते. तो बाजूला होतो. घड्याळ त्या क्षणी त्याच्या हृदयाचे ठोके, पावलांची लांबी आणि पुढील ७२ तास विश्रांतीचा सल्ला दाखवत असते. हौसेने भिजणाऱ्याला ‘जिद्द’ म्हणून फलक लागतात आणि हिच्या भिजण्याची कोणी दखलही घेत नाही, हे बघून डोके फिरते. फिरलेल्या डोक्याने पुढचे दोनशे मीटर जरा बरे जातात.

आहाराबाबत थोडक्यात. शर्यतवाले लोक चिकट साखरेची पुडी दाताने फोडून चालत्या सायकलीवर खातात. कुंडल हे नावाजलेल्या कुस्ती मैदानाचे गाव. तेथे खुराक म्हणजे बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटून केलेली थंडाई, दूध आणि तूप. तालमीतल्या एका जुन्या वस्तादांना ती पुडी दाखवली असता त्यांनी ती उलटी-सुलटी केली, वास घेतला आणि म्हणाले, “सर, एवढ्यात काय हुतंय? आधी जोर काढा, मग बोलू.” जोर काढून दाखवल्यावर त्यांनी बोलणे पुढे ढकलले.

प्रत्यक्ष शर्यतीसाठी कुंडलच्या उमेदवाराला जवळचे ठिकाण कोल्हापूर. तेथे राजाराम तलावात पोहून शर्यत सुरू होते. हवामान फारच बिघडले, पाणी गढूळ किंवा दूषित झाले, विजा कडाडू लागल्या, तर संयोजक वेळ पुढे ढकलतात. पॅरिस ऑलिंपिकात ३० जुलै २०२४ ची पुरुषांची शर्यत पावसाने सीन नदीचे पाणी बिघडल्यामुळे एक दिवस पुढे गेली. पुढे ढकलणे शक्य नसेल, तर पोहणे सरळ रद्द होते. मग त्याऐवजी थोडे पळायला लावतात, पुढे सायकल, पुन्हा पळणे, आणि शर्यतीला डुएथलॉन म्हणतात. पदक मिळते. विहिरीतले फेरे कोणी विचारत नाही. प्रवेश शुल्क सहसा परत मिळत नाही.