हात लावा म्हणणाऱ्या साहेबांस

मा. फ्रँक ओपनहायमर साहेब,
सॅन फ्रान्सिस्को (1985 पासून मुक्काम परलोक) यांस.

विषय : आपल्यामुळे घरातील शिस्त बिघडल्याबाबत.

महोदय,

आपले थोरले बंधू रॉबर्ट यांनी अणुबॉम्ब केला. जगाची तक्रार त्यांच्याबद्दल आहे, माझी तुमच्याबद्दल.

1969 साली तुम्ही ‘एक्सप्लोरेटोरियम’ काढलंत आणि संग्रहालयातल्या वस्तूंना हात लावायचा असतो, अशी अफवा पसरवलीत. म्युनिकच्या संग्रहालयात बटणं दाबायची सोय तुमच्याही आधीपासून होती म्हणे. पण अर्जावर एक नाव लागतं, म्हणून तुमचं घातलं. ही साथ मुंबईत वरळीलाही आली. तिथल्या नेहरू विज्ञान केंद्राचं उद्यान 1979 मध्ये, ऐन बालवर्षात सुरू झालं. इमारतीचं उद्घाटन 1985 साली राजीव गांधींनी केलं. आम्ही बीडकडचे मात्र इतकी वर्षं सुरक्षित होतो. मध्ये चारशे किलोमीटर होते.

परवा शनिवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुलांना घेऊन निघालो आणि ते संरक्षण गेलं.

आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक होता. तो कपाटात असायचा, कपाटाला कुलूप आणि किल्ली मोठ्या सरांकडे. तपासणीच्या दिवशी तो पुसून टेबलावर ठेवत. साहेब गेले की परत आत. कांद्याचा पापुद्रा आम्ही फळ्यावरच पाहिला, तोही खडूचा. दहावी पास झालो की नाही? घरीसुद्धा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. अशा वळणाच्या घरातलं पोरगं वरळीत दांडा दिसला की ढकलत होतं, चाक दिसलं की फिरवत होतं. मी सवयीने ओरडलो, “हात लावू नको रे!” तर तिथला कर्मचारी मलाच म्हणाला, “लावू द्या की, त्यासाठीच आहे.” बायकोसमोर म्हणाला.

एवढ्यावर भागलं असतं. पण तिथे कप्प्यांची खुर्ची आहे. तीत बसून आपणच दोरी ओढायची आणि आपणच वर जायचं. ओझं तेवढंच, फक्त दोरी जास्त ओढावी लागते आणि जोर कमी लागतो. पोरगं सहा वेळा वर गेलं. परतीच्या गाडीत ते गप्प होतं. आम्हाला वाटलं, दमलं. चौसाळ्याच्या अलीकडे त्याने विचारलं, “पप्पा, आत्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तिथे कप्पी का लावत नाहीत?”

साहेब, माझी बहीण आणि दाजी म्हणजे ऊसतोडीतला एक कोयता. दिवाळीच्या आसपास उचल घेऊन निघतात, ते कारखाना बंद झाल्यावर येतात. मोळी डोक्यावरूनच का चढते, हे या जिल्ह्यात कुणी विचारत नाही. मी म्हणालो, मुकादमाला विचार. पोरगं म्हणालं, मुकादम वरळीला गेलाय का?

तेव्हापासून घरात ताळतंत्र नाही. बीडच्या खजाना बावडीवर नेलं, तर तिथेही तेच. निजामशाहीच्या काळात भुयारी पाटातून, नुसत्या उतारावर, मोटारीशिवाय पाणी शेताला जायचं; मग आपल्या गल्लीत टँकर का? याचं उत्तर मी विज्ञानात देऊ की राजकारणात?

1949 साली राजकारणापायी विद्यापीठ सोडून तुम्ही कोलोरॅडोत दहाएक वर्षं गुरं पाळलीत, हे वाचून आधी आपुलकी वाटली होती. गुरं राखलेला माणूस पोरांना असल्या सवयी लावेल, असं वाटलं नव्हतं.

विज्ञान केंद्र बीडमध्ये काढण्याची घाई कुणी करू नये, एवढं वरून पाहावं. तशी भीती कमीच आहे. 1995 साली मंजूर झालेल्या मार्गावरून बीडला पहिली रेल्वे 17 सप्टेंबर 2025 रोजी आली. त्या हिशेबाने केंद्र येईपर्यंत माझा मुलगा आजोबा होईल आणि स्वतःच “हात लावू नको” म्हणेल.

तूर्त नुकसानीचं बोलू. पोरगं रोज वहीत कप्प्यांची चित्रं काढतं. आत्या निघायच्या आत त्याला एक करून बघायची आहे. काल मी हार्डवेअरच्या दुकानात, सहज म्हणून, लोखंडी कप्पीचा भाव विचारला. दुकानदार म्हणाला, एकीने भागणार नाही, दोन घ्या. दोनचं बिल सोबत जोडत आहे.

आपला,
एक पीडित पालक
ता. धारूर, जि. बीड